रद्द झालेला जीएसटी नंबर आणि अडकलेली रिटर्न्स

नोंदणी रद्द केल्याच्या आदेशावर दोन तारखा असतात. एक आदेश काढल्याची, दुसरी रद्द कधीपासून धरायची त्याची. माझ्या हातात आदेश आला तेव्हा मी फक्त पहिली वाचली. दुसरी किती महत्त्वाची आहे ते दोन-तीन आठवड्यांनी कळलं.

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान तालुक्याच्या गावी आहे. पंपाचे सुटे भाग, बेअरिंग, आणि मागच्या खोलीत मोटर रिवाइंडिंग. उलाढाल कोटीच्या बरीच खाली, त्यामुळे रिटर्न तिमाही. डिसेंबर 2023 मध्ये आप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. आमच्या मिस्त्रींनी जून 2024 पर्यंत दुकान ओढलं, बिलं फाडली, माल आणला, आणि मग तेही थकले. शटर खाली आलं. रिटर्नचं सगळं काम जुन्या कर सल्लागारांकडे होतं. आप्पांकडून ना कागद गेले ना पैसे, तेव्हा तिकडचं कामही थांबलं. नोंदणीत ईमेल त्यांचाच दिलेला. त्यामुळे खात्याच्या नोटिसा निघाल्या, पोचल्या, आणि आमच्या घरात कुणालाच त्यांचा पत्ता लागला नाही.

जानेवारी 2025 मध्ये दुकान परत उघडायचं म्हणून मी नोकरीतून रजा घेऊन गावी आले. त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटचा फोन आला. "ताई, तुमचा नंबर कॅन्सल दाखवतोय. आणि मागच्या वर्षीच्या बिलांचं क्रेडिट आम्हाला आलेलंच नाही." क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट. पोर्टलवर लॉगिन न करता कुणाचाही नंबर तपासता येतो. मी तपासला. स्थिती: रद्द. वाचून पोटात गोळा आला, कारण आप्पांनी विक्रीकराच्या काळापासून एक तारीख चुकवली नव्हती.

लॉगिन मिळवण्यात पहिले काही दिवस गेले. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. सुदैवानं नोंदणीतला मोबाइल आप्पांचाच होता आणि त्यांचा साधा बटणाचा फोन कपाटात पडून होता. आईनं सवयीनं त्यावर रिचार्ज मारत ठेवला होता, म्हणून सिम जिवंत राहिलं. पुढचं सगळं त्या फोनवर येणाऱ्या ओटीपीच्या जोरावर झालं. घरात कुणी आजारी पडलं तर त्यांचं सिम बंद पडू देऊ नका, एवढं मी आता भेटेल त्याला सांगते.

आत गेल्यावर नोटिसा आणि आदेशांच्या यादीत सगळा इतिहास होता. ऑगस्ट 2024 मध्ये आरईजी-17, म्हणजे कारणे दाखवा नोटीस. उत्तराला सात कामकाजाचे दिवस. उत्तर नाही म्हणून 12 सप्टेंबर 2024 ला आरईजी-19, म्हणजे रद्दीचा आदेश. तिमाही रिटर्नवाल्यानं सलग दोन तिमाह्या चुकवल्या की खात्याला असं करता येतं. मासिकवाल्याला सहा महिने मिळतात. आणि आदेशात खाली, रद्दीची प्रभावी तारीख: 1 ऑक्टोबर 2023. जवळजवळ वर्षभर मागची.

रिटर्न डॅशबोर्डवर सप्टेंबर 2023 पर्यंतचं सगळं भरलेलं होतं आणि त्यानंतरची एकही तिमाही उघडत नव्हती. मला वाटत होतं की थकलेलं भरून, दंड भरून, हात जोडून जावं. पण भरायलाच देत नव्हते. ज्याची नोंदणी 1 ऑक्टोबर 2023 पासून नाहीच, त्याचं त्यानंतरचं रिटर्न कसलं?

इथं सल्ल्यांचा पाऊस पडला. नात्यातले एक जण म्हणाले, जुना नंबर सोडून दे, नवीन काढ, आठवड्यात मिळतो. ऐकायला सोपं आहे. पण नोंदणी रद्द झाली तरी जुनी देणी रद्द होत नाहीत, ती त्याच पॅनवर राहतात. शिवाय रिटर्न न भरल्यामुळे नोंदणी गेलेला माणूस जुनी परत मिळवण्याऐवजी नवीन मागायला आला तर नीट तपासा, असं मार्च 2019 चं परिपत्रकच आहे. दुसऱ्या एकांनी थेट हायकोर्ट सुचवलं. अपिलाचाही रस्ता होता, पण त्याची मुदत तीन महिने आणि वर एक महिन्याची सवलत. आम्ही कागद गोळा करेपर्यंत तीही संपली.

शेवटी जिल्ह्याच्या गावातल्या एका कर सल्लागार बाईंकडे गेले. त्यांनी आदेश हातात घेऊन पहिल्यांदा दुसऱ्या तारखेवर बोट ठेवलं. नियम 23 मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत, त्या म्हणाल्या. रद्दीची तारीख आदेशाच्या दिवसाचीच असेल, तर त्या दिवसापर्यंतची थकलेली रिटर्न्स आधी भरायची, कर-व्याज-लेट फी चुकती करायची, आणि मगच नोंदणी परत मागण्याचा अर्ज करता येतो. तारीख मागची असेल, तर उलट. आधी अर्ज, मग नोंदणी परत, आणि आदेश निघाल्यापासून तीस दिवसांत मधल्या सगळ्या काळाची रिटर्न्स. आमची वाट दुसरी. म्हणजे पोर्टल भरू देत नव्हतं ते नियमाला धरूनच होतं, आणि मी इतके दिवस एका कुलपाशी उगाच झटत होते.

अडचण मुदतीची. नोंदणी परत मागण्याचा अर्ज, आरईजी-21, आदेश मिळाल्यापासून 90 दिवसांत करायचा असतो. (1 ऑक्टोबर 2023 च्या आधी तर फक्त 30 दिवस होते.) आमचे 90 दिवस 11 डिसेंबरला संपले होते. पण पुरेसं कारण असेल तर आणखी जास्तीत जास्त 180 दिवसांची वाढ मिळू शकते, आणि ती द्यायचा अधिकार सहआयुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला असतो. आमच्यासाठी शेवटचा दिवस होता 9 जून 2025. बाईंनी ती तारीख फाइलीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनानं लिहिली आणि म्हणाल्या, "आता रडायचं नाही, कागद काढायचे."

अर्ज साध्या कागदावर, राज्यकर अधिकाऱ्यांमार्फत सहआयुक्तांना. सोबत हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, न्यूरॉलॉजिस्टचं ताजं पत्र, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, रद्दीच्या आदेशाची प्रत, कुठल्या तिमाह्या बाकी आहेत त्याचा तक्ता, आणि नोंदणी परत मिळाल्यास तीस दिवसांत सगळं भरू अशी लेखी हमी. मी मुलगी असल्यामुळे आप्पांच्या वतीनं हजर राहू शकत होते. कायद्याच्या कलम 116 मध्ये नातेवाइकाला अधिकृत प्रतिनिधी म्हणून जाता येतं. त्यासाठी आप्पांच्या सहीचं अधिकारपत्र लागलं. त्यांनी डाव्या हातानं सही केली. जुन्या सहीशी ती अजिबात जुळत नव्हती, म्हणून डॉक्टरांच्या पत्रात "रुग्ण डाव्या हाताने सही करतो, त्यास मजकूर समजतो" हे वाक्य मुद्दाम घालून घेतलं. पुढे ते खरंच विचारलं गेलं.

3 फेब्रुवारीला अर्ज दिला. आवक खिडकीवरच्या क्लार्कनं "मेल करा, कागद कशाला" म्हटलं. मेल केलेला होताच, तरी मी कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही. हा क्रमांक नसता तर पुढच्या खेपांना कुणी ओळख दिली नसती, कारण प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच: "आवक नंबर काय?"

मग वाट पाहणं. ते ऑफिस वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं. कुणी पैसे मागितले नाहीत. पण फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर आपोआप सरकत नाही, आणि साहेब मीटिंगला, साहेब मुंबईला, साहेब आज ट्रेनिंगला, हे चालूच होतं. गावाहून एसटीनं दीड तास जायचं आणि "पुढच्या आठवड्यात बघा" ऐकून परत यायचं. मी शेवटी मंगळवार धरला. सोमवारी गर्दी, शुक्रवारी सगळ्यांना घरची ओढ. मंगळवारी सकाळी अकराच्या आत गेलं की माणसं जागेवर सापडतात.

फेब्रुवारी संपता संपता सहआयुक्तांपुढे सुनावणी झाली. मला वाटलं होतं झापतील. त्यांनी डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि विचारलं, "झटका डिसेंबरला आला. नोटीस ऑगस्टला निघाली. आठ महिन्यांत घरातल्या कुणीच पाहिलं नाही?" प्रश्न रास्त होता. मी ईमेल कुणाचा होता ते सांगितलं, पोर्टलवरच्या नोंदणीची छापील प्रत पुढे केली. त्यांनी अधिकारपत्रावरची सही पाहिली, डॉक्टरांचं वाक्य पाहिलं, मान डोलावली. 12 मार्चला मुदतवाढीचं पत्र मिळालं.

त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी गेले. बाईंनी फोनवर सांगितलं, पेढे खा, पण ही अजून अर्ज करायची परवानगी आहे, नोंदणी नव्हे.

आरईजी-21 ला शुल्क नाही, पण आधार प्रमाणीकरण लागतं. जानेवारी 2022 पासून ते सक्तीचं आहे, आणि आमची नोंदणी त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे ते कधी झालेलंच नव्हतं. आप्पांच्या आधारला तोच बटणाचा फोन जोडलेला होता. पुन्हा त्याच फोननं तारलं. 17 मार्चला अर्ज गेला, मुदतवाढीचं पत्र जोडून.

मार्चअखेर ऑफिसात जायचं नाही हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. वसुलीच्या धांदलीत कुणाचंच कुणाकडे लक्ष नसतं. तरी 27 मार्चला पोर्टलवर आरईजी-23 आली. नाव "कारणे दाखवा" असल्यामुळे मी घाबरले, पण तिचा अर्थ एवढाच की अर्ज मंजूर करण्याआधी अधिकाऱ्याला काही हवं आहे. उत्तराला सात कामकाजाचे दिवस. त्यांना व्यवसाय खरोखर त्या जागेवर आहे याचा पुरावा हवा होता: वीजबिल, जागेची पावती, पाटीसह दुकानाचा फोटो.

पाटीचं वेगळंच. जीएसटी नंबर दुकानाच्या पाटीवर लिहिलेला असावा असा नियम आहे. आमच्या पाटीवर नंबर होता, पण तो व्हॅटचा, 27 नं सुरू होऊन शेवटी इंग्रजी व्ही असलेला. 2017 पासून तो तसाच ऊन खात होता. जीएसटी नंबरही महाराष्ट्रात 27 नंच सुरू होतो, म्हणून कुणाच्या डोळ्याला खटकला नसावा. गावातल्या पेंटरला बोलावलं, तीनशे रुपयांत त्यानं जुना खरवडून पंधरा अक्षरी नवा नंबर लिहिला. रंग ओला असतानाच फोटो काढला. 3 एप्रिलला आरईजी-24 मध्ये उत्तर दिलं.

15 एप्रिल 2025 ला आरईजी-22 आली. नोंदणी पूर्ववत. आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू झालं: 15 मे.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते या तीस दिवसांबद्दल. आधीच्या काळात सगळं लक्ष परवानगीवर असतं. पण परवानगी मिळाली आणि आकडे तयार नसले, तर तीस दिवस बघता बघता जातात, आणि त्यांच्याशी नुसती हमी नव्हे, पैसेही बांधलेले आहेत. एरवी 2023-24 च्या खरेदीचं क्रेडिट घ्यायची शेवटची तारीख 30 नोव्हेंबर 2024 होती. ती केव्हाच गेली होती. पण कलम 16 मध्ये पोटकलम 6 नव्यानं घातलं आहे, 2024 च्या दुसऱ्या वित्त कायद्यानं. रद्दीचा आदेश निघाला त्या दिवशी क्रेडिटची मुदत संपलेली नसेल, आणि नोंदणी परत मिळाल्यावर मधल्या काळाची रिटर्न्स तीस दिवसांत भरली, तर ते क्रेडिट घेता येतं. आमचा आदेश 12 सप्टेंबरचा, म्हणजे तेव्हा मुदत शिल्लक होती. बाईंनी 15 ऑक्टोबर 2024 चं त्यावरचं परिपत्रक छापून फाइलला लावलं. तीस दिवस चुकले असते तर विक्रीवरचा सगळा 18 टक्के कर खिशातून गेला असता, खरेदीवर भरलेल्याची वजावट न मिळता.

सुदैवानं आम्ही आकड्यांचं काम फेब्रुवारीतच धरलं होतं. खरेदीचं सोपं, दुकानदारांनी आपापली रिटर्न्स भरली होती, त्यामुळे 2बी मध्ये, म्हणजे पोर्टल आपणहून बनवतं त्या खरेदीच्या यादीत, ते दिसत होतं. विक्रीची बिलबुकं मात्र मिस्त्रींच्या हातची. कार्बनची तिसरी प्रत, त्यावर ग्रीसचे अंगठे, आणि "5 एच.पी. वाइ. + बेअ. 2" असा मजकूर. काही बिलांवर गिऱ्हाइकाचं नाव नुसतं "पाटील विहीर". आमच्या भागात पाटलांच्या विहिरी मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. मी बिल आप्पांसमोर धरायची, वहीतली नावं एकेक वाचायची, आणि बरोबर नाव आलं की ते डाव्या हातानं टेबलावर टकटक करायचे. बोलता येत नव्हतं, पण कुणाची मोटर कितव्या वर्षी जळली हे त्यांना पाठ होतं. ज्यांना जीएसटी नंबर आहे ती बिलं वेगळी, बाकीची एकत्र, आणि प्रत्येक मालाचा चार अंकी एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गाचा क्रमांक. काम कंटाळवाणं. संध्याकाळी चहा झाल्यावर तासभर बसायचो.

भरताना क्रम मोडता येत नाही. ऑक्टोबर-डिसेंबर 2023 चं आर-1, म्हणजे विक्रीचा तपशील, मग त्याचंच 3बी, म्हणजे कर चुकता करायचं रिटर्न, मग पुढची तिमाही. एक गंमत अशी की पहिलं 3बी भरताना लेट फी शून्य दिसते. माफ झाली असं समजून खूश होऊ नका. आधीच्या रिटर्नची लेट फी आणि व्याज पोर्टल पुढच्या रिटर्नमध्ये दाखवतं. दुसरं उघडलं की पहिल्याचं बिल समोर.

खर्च असा झाला. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्याला 3बी ची लेट फी एका रिटर्नमागे जास्तीत जास्त 2,000, आणि विक्री-खरेदी शून्य असेल तर 500. आमच्या तीन तिमाह्या विक्रीच्या, पुढच्या बंद दुकानाच्या. जानेवारी-मार्च 2025 चं रिटर्न 22 एप्रिलपर्यंत वेळेत म्हणता आलं असतं, पण ते रांगेत शेवटी अडकलं, तेव्हा त्याचेही काहीशे लागले. लेट फी सात हजारांच्या थोडी वर गेली. वजावट जाऊन रोखीनं भरायचा कर अडतीस हजार, त्यावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज सात हजारांच्या आसपास. बाईंची फी आठ हजार. लेट फी आणि व्याज क्रेडिटमधून चुकवता येत नाही, ते कॅश लेजरमध्येच, म्हणजे पोर्टलवरच्या रोख खात्यातच असावं लागतं, म्हणून चलन काढताना शीर्ष नीट बघा: कर, व्याज, फी वेगवेगळे, आणि केंद्राचं-राज्याचं वेगळं. चलनाचा क्रमांक पंधरा दिवस चालतो. 9 मे ला शेवटचं 3बी गेलं.

आमचं क्रेडिट वाचलं. गिऱ्हाइकांचं पूर्ण नाही वाचलं. ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही. आम्ही आर-1 मे महिन्यात भरलं म्हणून बिलं आता त्यांच्याकडे दिसली, पण मार्च 2024 पर्यंतच्या बिलांसाठी त्यांची मुदत 30 नोव्हेंबर 2024 लाच संपली होती. पोटकलम 6 ची सवलत ज्याची नोंदणी रद्द झाली त्याला, त्याच्याकडून माल घेणाऱ्याला नाही. एप्रिल-जून 2024 ची बिलं तेवढी 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत चालणार होती. मी सगळ्या नोंदणीकृत गिऱ्हाइकांना यादी करून पत्र पाठवलं: ही बिलं तुम्हाला मिळतील, या तारखेच्या आत घ्या, ही मिळणार नाहीत. जी मिळणार नाहीत त्यांच्यावरचा कर आम्ही तिघांना परत केला, आणि एका मोठ्या गिऱ्हाइकानं तो येणे रकमेतून कापून घेतला. सरकारला एकदा भरलेला कर गिऱ्हाइकाला पुन्हा द्यायचा हे जिवावर आलं. पण त्यांच्या मोटरी उद्या परत आमच्याकडेच याव्यात असं वाटत असेल तर दुसरा मार्ग नव्हता.

ज्यांची थकबाकी आमच्यापेक्षा जुनी आहे त्यांनी एक पाहून ठेवा. देय तारखेपासून तीन वर्षं उलटली की रिटर्न भरताच येत नाही. 2023 च्या वित्त कायद्यानं हे आणलं, 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालं, आणि 2025 मध्ये पोर्टलनंही ते बंद करायला सुरुवात केली. तिथं सहआयुक्तांची परवानगी चालत नाही. जीएसटी परिषदेच्या शिफारशीवरून सरकारनं अधिसूचना काढली तरच ते दार उघडतं. त्यामुळे कुणाकडून तीन वर्षं पुरी होत आलेलं काही राहिलं असेल तर नोंदणी परत मिळायची वाट ज्या वेगानं सरकते, तो वेग धरून उलट मोजा.

मे संपायच्या आत नोंदणीत दुरुस्ती करून ईमेल बदलला, आणि प्राधिकृत स्वाक्षरीदार म्हणून आप्पांसोबत माझं नाव घातलं. मिस्त्रींना निरोप गेला. ते जूनच्या पहिल्या पावसाआधी आले, कारण तेव्हाच सगळ्यांना मोटरी बाहेर काढून आणायच्या असतात. एप्रिल-जूनचं रिटर्न 22 जुलैला होतं. ते 14 ला भरलं.